बाबांच्या गाडीला नवे दिवे

प्रियेपोल्ये,
मंगळवार, २० सप्टेंबर २०११

प्रिय दादा,

तुला आणि ल्युबिंकावहिनीला नमस्कार. मी बरा आहे. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेतो. लिम नदीला पाणी कमी आहे, पुलाखालचे दगड उघडे पडलेत. परसातल्या आलुबुखारांना यंदा कीड लागली, तरी घरची रकीया दारू गाळण्यापुरती मिळतील.

तुझं पार्सल गेल्या गुरुवारी पोचलं. टपाल कचेरीतल्या बाईने खोकं हलवून पाहिलं आणि आत काच आहे का असं विचारलं. मी हो म्हणालो. मग तिने ते आणखी एकदा हलवलं. पण तू जर्मनीतल्या उल्ममधून इतकं नीट बांधून पाठवलं होतंस की काही फुटलं नाही. चार दिवे, चार हॅलोजन बल्ब, दोन रिले, फ्यूजची डबी, जाड लाल वायरचं भेंडोळं, सगळं यादीप्रमाणे मिळालं. आणि तुझी चिठ्ठी.

“मिलोसव, हे बाबांच्या गाडीला लाव. त्या संध्याकाळी रेल्याला तुझा डिपर दिसला नाही. पुढे दुसऱ्या कुणाला तरी दिसेल.”

चिठ्ठी मी साखरेच्या डब्याखाली ठेवली आहे. सकाळी कॉफी करताना डबा उचलतो तेव्हा दिसते.

फोनवर तू बोलतोस आणि मी हो-हो करतो, म्हणून हे पत्र. दिवे कसे बसवले ते सगळं सविस्तर कळव असं तू म्हणाला होतास. कळवतो.

शेफ्केतकडे गाडी नेली. तुला आठवत असेल, आमच्या बस डेपोत वायरिंगचं काम करायचा तो. आता निवृत्त झालाय, पण घराच्या तळमजल्यावर त्याचं दुकान चालू आहे. गाडी बघून म्हणाला, “एकोणसत्तर सालची बाई, आता या वयात तिला काजळ घालतोस?” मी म्हणालो, दादाने पाठवलंय. तेव्हा तो थट्टा करायचा थांबला. गावात सगळ्यांना माहीत आहे ना. त्याने झाडूने जागा केली आणि मला गाडी आत घ्यायला सांगितली.

आधी त्याने जुने दिवे तपासले. बाबा त्यांना किती पुसायचे, पण आतली वाटी काळवंडली होती, कल्हई उडालेल्या पातेल्यासारखी. मग त्याने मीटर लावला. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट, दिव्यापाशी पावणेअकरा. उरलेलं कुठे गेलं, मी विचारलं. तो म्हणाला, वाटेत. इतकी वर्षं सगळी वीज बॅटरीतून डॅशबोर्डपर्यंत, तिथून स्टिअरिंगच्या दांड्यातून, मग पुन्हा पुढे दिव्यापर्यंत एवढ्याशा वायरीतून फिरते, येईपर्यंत दमते. आता रिले बसवला की दांड्याने फक्त मान हलवायची. वीज बॅटरीतून सरळ दिव्याला जाईल. डायनॅमो असता तर चार हॅलोजन पेलले नसते, पण बाबांनी तो काढून अल्टरनेटर घातला होता, हे त्यांचं एक काम सरळ निघालं.

आज एवढंच. शेफ्केतने कॉफीला बोलावलं आहे, नाही गेलं तर रागावतो.


शुक्रवार, २३ सप्टेंबर

पुढे लिहितो.

आज तुझा फोन आला. वर्षश्राद्धाचं सगळं ठरलं हे बरं झालं. आठ तारखेला शनिवारच आहे. धर्मगुरूंना मी सांगून ठेवलंय, श्राद्धाचे गहू शिजवायला शेजारच्या मिल्का मावशी येणार आहेत. तुझ्या रेल्याच्या फोटोचे, श्राद्धाची खबर देणारे नवे कागद छापून आणले, विजेच्या खांबांवर आणि बस स्टँडच्या दारावर मीच चिकटवेन. जुने अजून आहेत, उन्हाने त्याचा चेहरा निळा झालाय. वर नवा लावला की झाकून जाईल.

पाथरवट वुचेताकडेही जाऊन आलो. दगड चांगला आहे. रस्त्याच्या कडेला, कठड्याच्या आत, जिथे गाडी खाली गेली तिथेच बसवायचा असं तू म्हणालास, ते त्याला दाखवलं. तू फोनवर सांगितलेल्या ओळी मी कागदावर लिहून घेतल्या होत्या, त्या त्याला दिल्या. त्याने मोठ्याने वाचल्या. त्याला असं वाचायची सवय आहे, अक्षरं मोजता येतात म्हणे.

“रेल्या, रादोयेचा मुलगा. जगला सव्वीस वर्षं. वाटसरू, थांब. इथे दरड पडली होती. काकाने दिव्यांनी सावध केलं, पण सांज दाट होती.”

वुचेता म्हणाला, काकाची ओळ मोठी आहे, पण चांगली आहे, लोक वाचतील. बुधवारी कोरायला घेतो. मी म्हणालो, घे.

दादा, तुला विचारावंसं वाटेल की मला कसं वाटतंय. वहिनी दर वेळी विचारते. मला काही वाटत नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात तेव्हा गाल दुसऱ्याचा असल्यासारखा लागतो ना, तसं वर्षभर आहे. जेवतो, झोपतो, बागेला पाणी घालतो. रविवारी थडग्यापाशी जातो, मेणबत्ती लावतो, थोडी रकीया जमिनीवर ओततो आणि परत येतो. रडायला येत नाही. लोकांना वाटतं, मिलोसव घट्ट आहे. आहे तो घट्ट. त्यात फुशारकीचं काही नाही.

दिव्यांचं राहिलं. काल शेफ्केतने नवे बसवले. वाट्या अगदी मापात बसल्या, कडेची रिंग थोडी घासावी लागली. रिले बॅटरीच्या बाजूला, पाण्यापासून लांब. अर्थिंगची वायर त्याने नवी ओढली, जुनीवर त्याचा विश्वास नव्हता. मग गाडी भिंतीसमोर दहा पावलांवर उभी करून खडूने खुणा केल्या आणि एकेक दिवा स्क्रू फिरवून खाली-वर, डाव्या-उजव्या बाजूला जुळवला. दुपारी उन्हातसुद्धा भिंतीवर चार गोल दिसत होते. बाबा असते तर त्यांनी शेजारच्यांना बोलावून आणलं असतं.

पण त्याच्या आधीचं एक राहिलं. ते उद्या लिहितो.


रविवार, २५ सप्टेंबर

काल लिहिलं नाही. कोबी आणायला गेलो होतो.

हे राहिलं होतं.

जुने दिवे काढण्याआधी शेफ्केतला एक लहर आली. आधी आणि नंतर बघायचं म्हणाला, नाहीतर जर्मनीच्या दिव्यांचं कौतुक कशाच्या जोरावर करणार? संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याने मला गाडी घेऊन नदीच्या त्या बाजूला, लाकडाच्या वखारीपाशी पाठवलं. तो या बाजूला रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मध्ये अर्धा किलोमीटर तरी असेल. सूर्य डोंगरामागे गेला होता. रस्ता करडा झाला होता, पण माणूस दिसत होता. मी हात वर केला आणि जुन्या दिव्यांनी डिपर दिला. त्याने लगेच हात वर केला. पुन्हा दिला. पुन्हा हात.

मी परत आलो. त्याने गाडी आत घेतली. चहा घेतला, दिवे काढायला लागला. दुसरी वाटी काढताना म्हणाला, “वाट दिसायला मंद आहेत. पण समोरच्याला दिसतात, मिलोसव. ती संध्याकाळही अशीच होती ना?”

मी हो म्हणालो.

“मग त्याला दिसायला हवे होते.”

मी काढलेली वाटी फडक्याने पुसली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रू एका बशीत ठेवत होता, ते मोजून ठेवले. मग म्हणाला, “तू दिलास का डिपर?”

मी पुसलेली वाटी पुन्हा पुसली. एकतीस वर्षं आम्ही एका डेपोत होतो, त्याला उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याने काम पुरं केलं. खडूच्या खुणासुद्धा त्यानेच पुसल्या. जाताना हात मिळवला नाही, पण दार उघडून धरलं.

आता तुला सांगतो. तू हे बसून वाच. वहिनी जवळ असेल तर तिला आधी दुसऱ्या खोलीत पाठव, किंवा नको पाठवू, तुझं तू ठरव.

निकोल्यदानच्या त्या सकाळपासून सांगायला हवं. घराच्या संताचा दिवस, तू सीमेवर रांगेत अडकलेला. धर्मगुरूंना त्या दिवशी अकरा घरं होती. ते आले, बसले, घड्याळाकडे बघत राहिले. कोलाच बाबांच्या घरातला, म्हणजे माझ्या घरातला, पण कोलाचची ती सणाची भाकरी फिरवून मोडायची भावाबरोबर. मला थांबता आलं असतं. मी त्यांना सांगू शकलो असतो की दहा घरं करून या, आम्ही थांबतो. पण तू दर वर्षी उशिरा यायचास आणि दर वर्षी सगळे तुझीच वाट बघायचे, मी घर सांभाळतो ते कुणाला दिसत नव्हतं. म्हणून मी कोलाच धर्मगुरूंबरोबर मोडला. तू अर्ध्या तासाने आलास. दारात उभा राहून टेबलावरचे तुकडे पाहिलेस. ग्लास घेतला नाहीस, टोपी काढली नाहीस आणि वर ब्रोदारेवोच्या तुझ्या घराकडे निघून गेलास. त्यानंतर दोन वर्षं आपण बोललो नाही. मी म्हणायचो, त्याने आधी बोलावं. तूही तेच म्हणत असशील.

रेल्या मात्र या भानगडीत पडला नाही. तो ब्रोदारेवोला तुझ्या घरी राहायचा, रासबेरीचं काम करायचा, आठवड्यातून चार वेळा तरी त्याची पांढरी गाडी मला रस्त्यात भेटायची. दर वेळी तो डिपर द्यायचा. दोन छोटे. तुला माहीत आहे, आपल्याकडे समोर पोलीस असले की सगळेच डिपर देतात, पोलीससुद्धा घरी जाताना देतात. त्याचा तो नव्हता. त्याचा फक्त काकाला होता. आणि मी दर वेळी रेडिओकडे बघायचो. दोन वर्षं. एकदाही दिला नाही. तुझ्या घरच्या कुणालाही देणार नाही, असं मी ठरवलं होतं. त्याने एकदाही द्यायचा सोडला नाही.

त्या संध्याकाळी मी ब्रोदारेवोहून परत येत होतो, डिकीत कोबीचे गड्डे होते. तिसऱ्या वळणावर दरड पडलेली दिसली. ताजी होती, मातीतून वाफ निघत होती. पलीकडची बाजू, म्हणजे वर जाणाऱ्याची बाजू, पूर्ण बंद होती. मी नदीच्या बाजूने कशीबशी गाडी काढली. थांबून रस्त्यावर फांदी टाकायला हवी होती. इतकी वर्षं बस चालवताना मी दर वेळी टाकली. पण दिवे मंद होते आणि मला अंधार पडायच्या आत घरी जायचं होतं. दिव्यांचं मी जे सांगितलं त्यातलं एवढंच खरं आहे.

पुढे दोन वळणं गेलो आणि रेल्या समोरून आला. ओळखू आला. दोनदा डिपर दिला त्याने.

मी दिला नाही, दादा.

दिवे मंद होते म्हणून नाही. हात दांड्यावर होता. मनात आलं की आता दिला तर हा समजेल, काका विरघळला. घरी जाऊन तुला फोनवर सांगेल. तू म्हणशील, बघ, शेवटी मिलोसवनेच आधी माघार घेतली. माझ्या मनात एवढंच होतं. दरड मनात नव्हती असं नाही. दरड होती आणि हेही होतं, आणि मी हे निवडलं. तो हळू चालवतो, त्याला दिसेल, असं मी स्वतःला सांगितलं. आरशात त्याचे मागचे लाल दिवे वळणाआड गेले.

मी घरी आलो. कोबी तळघरात नेला. सूप गरम केलं. रुग्णवाहिका वर जाताना ऐकू आली तेव्हा चमचा हातात होता.

रात्री तरुण पोलीस आला, त्याने विचारलं, तुम्ही त्याच रस्त्याने आलात, तुम्ही त्यांना इशारा दिला होता का? माझ्या तोंडून हो निघालं. विचार करून नाही. एकतीस वर्षं मी प्रत्येकाला दिला, मेंढ्यांसाठी दिला, बर्फासाठी, पोलिसांसाठी, लग्नाच्या वरातीसाठी, त्यामुळे तोंडाला हो म्हणायची सवयच होती. मग तो म्हणाला, दिसला नसेल, जुनी गाडी आहे तुमची. मी म्हणालो, हो, दिवे मंद आहेत. त्याने लिहून घेतलं.

आणि मग तू आलास. मला वाटलं होतं तू माझ्याकडे बघणारही नाहीस. तू सरळ माझ्याकडे आलास, मिठी मारलीस आणि कानात म्हणालास, “निदान तू प्रयत्न केलास.” थडग्यापाशी आपण दोघं शेजारी उभे होतो. परत जाताना तू माझ्या स्वयंपाकघरात बसून जेवलास, बाबांच्या जागेवर. एका खोट्यावर मला माझा भाऊ परत मिळाला. वर्षभर मी तो जपून वापरला. रविवारी तुझा फोन आला की उठून उभा राहून घ्यायचो. तेवढं सोडून काही जाणवत नव्हतं, म्हणून तेवढं सोडवेना.

हे फोनवर सांगता आलं नसतं. तू “हॅलो” म्हणालास की मी पुन्हा हो-हो केलं असतं.


सोमवार, २६ सप्टेंबर

सकाळी वुचेताकडे गेलो. त्याने दगडावर पेन्सिलने अक्षरं आखली होती. माझी ओळ मीच पुसली, ओल्या फडक्याने. तो म्हणाला, रादोये काय म्हणेल? मी म्हणालो, रादोयेला मी लिहितोय. तो म्हणाला, मग इतकी मोठी जागा रिकामी राहील, वाईट दिसेल. मी म्हणालो, राहू दे, तो सांगेल तेव्हा भर. तुला योग्य वाटेल ते त्याला सांग. तू विचारलंस तर मी एक सुचवेन. रेल्या भेटणाऱ्या प्रत्येकाला दिवे द्यायचा. हे खरं आहे, मी दोन वर्षं पाहिलंय.

पोलीस ठाण्यातही जाऊन आलो. जुना जबाब बदलायचा म्हणालो. साहेब म्हणाले, आता याने काही फरक पडत नाही, प्रकरण बंद झालंय. मी बदलायलाच लावला. सही केली.

शेफ्केतला अजून सांगितलं नाही. त्याला सांगायचं काही उरलेलं नाही.

काल हे लिहून झाल्यावर मी कागदांची घडी घातली. वाटलं, आता तरी काहीतरी वाटेल. नाही वाटलं. कॉफी केली, डबा उचलला. तुझी चिठ्ठी अजून तिथेच आहे. तिला हात लावायचा धीर झाला नाही, एवढं मात्र वाटलं.

दिवे मी काढून परत पाठवणार होतो. मग विचार केला, काढले तर मी रस्त्यावर आणखी कुणाला तरी दिसणार नाही. ते राहू देत. तू म्हणालास तर काढेन.

तू गुरुवारी, सहा तारखेला निघशील, शुक्रवारी दुपारी नोवा वारोशचा घाट उतरून येशील. वर्षश्राद्धाला मी दुरून उभा राहीन, वहिनीच्या समोर येणार नाही, जर तुला तसं हवं असेल. जेवायला थांबणार नाही. पण शुक्रवारी एक करू दे. मी बाबांची गाडी घेऊन ब्रोदारेवोच्या बाजूने खाली येईन, तू वर जात असशील. रेल्या मला भेटला त्याच वळणावर आपण समोरासमोर येऊ. चारही दिवे चालू असतील, लांबून कळेल. मी डिपर देईन, दोन छोटे, तो द्यायचा तसे. तू द्यायलाच हवा असं नाही. तू समोर बघून निघून गेलास तरी मी समजेन, आणि पुढच्या वर्षी त्याच दिवशी, त्याच वळणावर, पुन्हा देईन.

वहिनीला काय सांगायचं ते तू बघ.

मिलोसव